मुकादमबाई आणि घरची फीत

बुटाची नाडी तुटणं हा कुठल्याच कायद्याने गुन्हा नाही. माझी तुटली ती कचेरीत, सुनावणीला निघताना, आणि न्यायाधीश वेळेवर येऊन बसल्याचा निरोप नुकताच आला होता तेव्हा. न्यायाधीश वेळेवर येतात त्याच दिवशी वकिलाचं काहीतरी तुटतं, असा माझा अनुभव आहे. मी वाकलो. वाकणं हे माझ्या देहाला आगाऊ सूचना देऊन करायचं काम. ती द्यायला वेळ नव्हता. टेबलावर कागदांचा गठ्ठा होता आणि गठ्ठ्याला लाल फीत होती. रुंदीला, लांबीला अगदी नाडीची मावसबहीण. ती सोडली, बुटात ओवली आणि गठ्ठा उघडा टाकणं बरं दिसत नाही म्हणून तेव्हा कुठे नजरेला पडलेली शेजारची हिरवी फीत उचलून तो बांधून ठेवला. मी टापटिपीचा माणूस आहे. त्या दिवशी जरा गबाळेपणा केला असता, तर पुढचं रामायण घडलंच नसतं.

आमची कचेरी सरकारी वकिलांची. सरकारवर कुणी खटला भरला की तो आमच्याकडे येतो, आणि सरकारवर खटला भरायला माणसं कधी कमी पडलेली मी पाहिली नाहीत. आम्ही वकील न्यायालयात उभं राहून बोलतो. पण बोलायच्या आधी जे काही लागतं, जुने निकाल शोधणं, प्रती काढणं, पानांना आकडे घालणं, शपथपत्रं तपासणं, गठ्ठे बांधून जिथल्या तिथे पोचवणं, ते सगळं करतात विधी सहायक. आणि या सहायकांवर देखरेख करतात त्या मुकादमबाई.

हे त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. दाराच्या पाटीवर 'पर्यवेक्षक' असा भारदस्त शब्द आहे. पण देखरेख म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं, हा जो सर्वमान्य अर्थ आहे तो बाईंना कुणी सांगितलेला नसावा. त्या शेळ्यांमध्येच असतात. शेळ्यांच्या पुढे, मागे आणि बऱ्याचदा एखाद्या शेळीच्या खुर्चीवर ओणव्या होऊन, "हे पान उलटं लागलंय, दिसत नाही का गं?" असं विचारत असतात. त्यांना स्वतःची खुर्ची आहे. चांगली, हातांची, मागे टेकायला मऊ गादी असलेली. त्या खुर्चीत त्यांची पर्स बसते. कचेरीत नवा आलेला माणूस आधी पर्सला नमस्कार करतो आणि मग बाईंना शोधायला निघतो.

बाई बसत नाहीत. डबासुद्धा उभ्याने खातात, खिडकीशी, एक डोळा दाराकडे ठेवून. पायाला भिंगरी असते म्हणतात. बाईंच्या पायाला अख्खा पंखा असावा. मी एकदा धीर करून विचारलं होतं, "बाई, घरी तरी बसता का?"

"आमच्या घरी बसायचं खातं यजमानांकडे आहे," त्या म्हणाल्या आणि पुढच्या टेबलाकडे गेल्या.

त्यांचे यजमान ग्रंथालयातून निवृत्त झालेले. अत्यंत शांत गृहस्थ. मला एका समारंभात भेटले तेव्हा म्हणाले, "लग्नाच्या वर्षी एक कादंबरी वाचायला घेतली होती. निम्म्यावर आलोय. पान उलटलं की ही म्हणते, पाय वर घ्या, खालून केर काढायचाय."

या धावपळीमागे एक गोष्ट आहे. बाईंचे वडील एका कचेरीत अभिलेख कक्षाच्या दारावर रखवालदार होते. जन्मभर एका स्टुलावर बसले. एके दिवशी त्या स्टुलावरच बसल्या बसल्या गेले, आणि ते गेलेत हे कचेरी बंद होईपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही. माणसं त्यांच्या समोरून आत गेली, बाहेर आली; दोघातिघांनी तर मान हलवून नमस्कारही केला. बाईंनी हे मला सांगितलं ते काही रडत नव्हे. प्रतींची जुळणी करता करता सांगितलं आणि शेवटी म्हणाल्या, "तेव्हापासून ठरवलं, साहेब. आपण दिवसभर इतकं हलायचं की थांबलो तर लोकांना चुकल्यासारखं वाटलं पाहिजे."

तर फितींचा कायदा बाईंचा. पांढरी फीत न्यायालयात जाणाऱ्या गठ्ठ्याला, हिरवी समोरच्या पक्षाच्या वकिलाला द्यायच्या गठ्ठ्याला, आणि लाल म्हणजे घरची. आपल्या बाजूची टिपणं, आतली मतं, जे बाहेरच्याच्या नजरेला पडायचं नाही ते. "घरातली गोष्ट उंबऱ्याबाहेर जायची नाही," असं बाई प्रत्येक नव्या सहायकाला सांगत. दुसरा नियम असा, की सहायकाने वरचा खटल्याचा क्रमांक बघायचा आणि रंग बघायचा, आतला मजकूर नाही. "वाचत बसलात तर गठ्ठा पोचणार नाही, आणि वाचलेलं पोटात राहणार नाही." नियम उत्तम चालला होता. आमच्या कचेरीतून चुकीचा कागद बाहेर गेल्याचं कुणाला आठवत नव्हतं. मात्र वकील बुटात काय ओवतील याची तरतूद त्या कायद्यात नव्हती.

मी सुनावणीहून परत आलो तो खुशीत. न्यायाधीशांनी पुढची तारीख दिली होती. सरकारी वकिलाला याहून मोठं सुख नाही. बाई नेहमीच्या फेरीवर होत्या. माझ्या टेबलाजवळून पुढे गेल्या, आणि तशाच दोन पावलं मागे आल्या. त्यांची नजर माझ्या पायांवर होती.

"साहेब, ही घरची फीत कुठे फिरायला निघाली?"

"ही होय?" मी पाय पुढे करून दाखवला. "नाडी तुटली हो. सरकार लाल फितीवर चालतं म्हणतात, म्हटलं आपणही चालून बघावं."

हा विनोद मी न्यायालयातून येताना वाटेत तयार केला होता. बाई हसल्या नाहीत. त्या थांबल्या. चालता चालता थांबल्या नाहीत, अगदी पूर्ण थांबल्या. हातातला कागदही हलेना. त्या कचेरीत एवढी शांतता मी पहिल्यांदाच ऐकली.

"आणि गठ्ठा?"

"बांधला की. हिरव्या फितीने."

बोललो आणि मलाही कळलं. तो गठ्ठा होता गल्लीच्या खटल्याचा. रस्ता रुंद करायला सरकारला एका गल्लीतली दुकानं हलवायची होती, दुकानदार न्यायालयात गेले होते, आणि त्या गठ्ठ्यात माझं टिपण होतं, माझ्या हातचं: आपली बाजू कच्ची आहे, तडजोड करावी. हे मी सरकारला लिहिलं होतं. समोरच्याला कळवावं असा त्यात कुठेही उल्लेख नव्हता.

"डावखुरे!" बाईंनी हाक मारली.

सहायकांतली सगळ्यात नवी मुलगी उठून आली. डाव्या हाताने लिहायची, म्हणून हे नाव. कंत्राटावर होती. घरी लहान लेक, आणि या नोकरीच्या आधी वर्षभर दारोदार चपला झिजवलेल्या. आठवडाअखेर तिचं कंत्राट संपत होतं आणि नूतनीकरणाचा कागद मोठ्या साहेबांच्या टेबलावर होता.

"गल्लीचा गठ्ठा गेला?"

"गेला ना ताई. हिरवा होता." मग बाईंचा चेहरा बघून तिचा आवाज उतरला. "गाठ सैल होती, ती मी पक्की केली. क्रमांक बघून दिला. चुकलं का काही?"

"तुझं नाही. जाग्यावर बस." आणि माझ्याकडे वळून, "चला."

"मी?"

"मग काय तुमचा बूट एकटा पाठवू?"

समोरच्या वकिलांची कचेरी न्यायालयाच्या पलीकडच्या रस्त्यावर. बाई पुढे आणि मी मागे. त्या चालत होत्या असं म्हणायचं, कारण साडी नेसलेल्या बाईला पळत होत्या म्हणणं बरं दिसत नाही. फितीला नाडीसारखी पकड नसते, ती दर दहा पावलांनी सुटे, मी वाकायला जाई, आणि बाई मागे न बघता म्हणत, "सोडा ती, घसटत या." तसाच घसटत गेलो. जिने, कठडे, अर्ज लिहून देणाऱ्यांची टेबलं, झेरॉक्सच्या यंत्रांचा गरम वास, सगळं मागे पडत होतं. वाटेत एक ओळखीचे वकील भेटले. "काय साहेब, मोर्चा कुणीकडे?" मी म्हटलं, "पाय मोकळे करायला." ते माझ्या बुटाकडे बघून म्हणाले, "एक तर झालाच आहे."

वकील जेवायला गेले होते. त्यांचा कारकून होता. गठ्ठा आतल्या टेबलावर आहे, पण साहेबांच्या परवानगीशिवाय देता येणार नाही, बसा, असं त्याने सांगितलं. मी बसलो. बाईंना त्या शब्दाची सवय नव्हती.

बाहेरची खोली एवढीशी. एक बाक, एक कपाट, भिंतीवर दिनदर्शिका, कोपऱ्यात फाइलींचा ढीग. बाईंनी आधी खिडकी ते दार अशा चकरा मारल्या. मग दिनदर्शिकेचं मागच्या महिन्याचं पान फाडलं. मग ढिगाकडे गेल्या.

"हे असेच ठेवता?"

"जागा नाही हो मावशी," कारकून म्हणाला.

"जागा आहे. शिस्त नाही. वर्षाप्रमाणे लावा, जुनी खाली. आणि मावशी कोणाला म्हणता? तुमच्या साहेबांनी सोडवलेल्या गठ्ठ्याला परत गाठ कोण मारतं?"

"मीच."

"कशी मारता, बघू."

त्या बिचाऱ्याने गाठ मारून दाखवली. बाईंनी ती सोडून पुन्हा मारायला लावली. थोड्या वेळाने आतले साहेब जेवून आले, तेव्हा त्यांचा कारकून जमिनीवर मांडी घालून वर्षवार फाइली लावत होता आणि बाई त्याला वरून वर्षं सांगत होत्या. माझा जीव टांगणीला, आणि ह्यांनी तेवढ्यात शत्रूचं ठाणं ताब्यात घेतलेलं!

समोरचे वकील पिकल्या केसांचे, सावकाश बोलणारे. आम्हाला बघून काही न विचारता आत गेले आणि गठ्ठा घेऊन आले. बाईंनी तो हातात घेतला आणि गाठीवरून अंगठा फिरवला.

"उघडलात. आमच्या मुलीची गाठ डावी असते, ही उजवी आहे."

"उघडला," ते म्हणाले. "तुम्ही पाठवलेला कागद, बाई, उघडायचा नाही तर काय पूजेला लावायचा? वर 'गोपनीय' दिसलं, तसा मिटला."

"मधलं?" मी कसंबसं विचारलं.

"तो 'गोपनीय'सुद्धा शिक्का होता म्हणून वाचता आला. खालचं तुमच्या हातचं ना?" ते हळहळले. "साहेब, दोन वेळा चष्मा पुसला. एक शब्द तेवढा लागला. 'कच्ची'. कोण कच्ची, ते काही लागलं नाही."

"केळी," बाई म्हणाल्या. "साहेब बाजारहाटाची यादी कुठेही लिहितात."

म्हातारा पोट धरून हसला. लहानपणी ज्या अक्षरासाठी मी मास्तरांचा मार खाल्ला, त्याने सरकारची अब्रू राखली, असं मला वाटलं आणि मी मोठा श्वास सोडला. तो अर्धाच सुटला होता, तेवढ्यात ते म्हणाले, "मात्र तुमच्या मोठ्या साहेबांना मी फोन केलाय. असा कागद हाती आला तर कळवणं माझं कर्तव्य. उद्या कुणी म्हणायला नको की दडवला."

परतीच्या वाटेवर बाई आणखी वेगाने चालल्या. बोलल्या मात्र एकदाच. "आता मोठ्या साहेबांना दोष द्यायला एक नाव लागेल."

मोठे साहेब वाटच बघत होते. त्यांच्या खोलीबाहेर डावखुरी भिंतीला टेकून उभी होती. डाव्या हाताने उजव्या हाताची बोटं एकेक करून मोडत होती. मोडायची उरली नव्हती तरी मोडत होती. आम्ही आत गेलो आणि दार पुरतं लागलं नाही.

"बसा हो बाई," साहेब म्हणाले.

"ठीक आहे अशीच."

"मला वर अहवाल पाठवायचाय. चूक कुणाची?"

"माझी," मी म्हणालो, आणि पुरावा म्हणून पाय टेबलाच्या बाजूने वर केला. साहेबांनी लाल फीत लावलेला बूट बघितला आणि चष्मा काढून डोळे चोळले.

"तो खाली घ्या आधी. अहो, वकिलाची चूक लिहिली तर वरून दहा प्रश्न येतात. कोणी नेमला, का नेमला, त्याचे बाकीचे खटले तपासा. सहायकाची लिहिली तर एक प्रश्नही येत नाही. ती नवी मुलगी आहे ना, तिने गठ्ठा दिला. तिचं कंत्राट तसंही संपतंय. आपोआप मिटतं."

चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण मी पुष्कळदा वापरली होती, पण चोर बूट वर करून ओरडतोय आणि त्याला कुणी विचारत नाही, हा प्रकार नवा होता. मी आणखी काही बोलायला गेलो. साहेबांनी हात वर केला. बाई तेवढ्यात खिडकीपर्यंत जाऊन परत आल्या होत्या.

"तिने काय चूक केली?" त्यांनी विचारलं.

"रंग बघून दिला. वाचायला नको?"

"वाचायचं नाही असा नियम आहे. नियम माझा. तिने वाचलं असतं तर मी तिला झापलं असतं. म्हणजे चूक नियमाची, आणि नियम ज्याने केला त्याची. लिहा माझं."

साहेबांनी चष्मा परत लावला. माणूस वाईट नव्हता. फक्त खुर्चीत नीट बसलेला होता. त्यांनी समोरच्या कागदांतून एक कागद वर काढला. "बाई, हा तुमचा कायम करण्याचा आदेश. आज सही करणार होतो. ह्याच आठवड्यात तुमच्या नावावर चूक लिहिली, तर मला हा पुढे पाठवता येणार नाही. कळतंय ना?"

मला कळत होतं. बाई कित्येक वर्षं प्रभारी होत्या. दाराच्या पाटीवर 'पर्यवेक्षक' शब्द रंगवलेला, पण 'प्रभारी' हा शब्द कागदाच्या पट्टीवर लिहून खाली चिकटवलेला. पट्टीचे कोपरे सुटत, बाई डिंक लावून परत बसवत. कायम झाल्या असत्या तर खुर्ची काही त्यांनी वापरली नसतीच. पण सहायकांच्या नूतनीकरणावर त्यांना स्वतःला सही करता आली असती. दर वर्षी एकेकीसाठी मोठ्या साहेबांच्या दारात येऊन उभं राहावं लागलं नसतं. एवढ्यासाठी त्यांना तो कागद हवा होता, आणि हे त्यांनी कुणाला कधी लपवलंही नव्हतं.

"कळतंय," बाई म्हणाल्या. त्यांची चुळबुळ थांबली नव्हती. साहेबांच्या टेबलावरच्या पेन्सिली एका रेषेत लावणं चालू होतं. "तो खणात ठेवा. आणि तिच्या नूतनीकरणाचा कागद त्याच्याच खाली आहे. तो वर घ्या, आणि माझ्यासमोर सही करा. नंतर करतो म्हणाल तर मी इथेच येरझाऱ्या घालीन."

साहेबांनी त्यांच्याकडे बघितलं, मग त्यांच्या पायांकडे बघितलं, आणि सही केली.

बाहेर डावखुरीने कागद बघितला आणि तिच्या डोळ्यांना धार लागली. "ताई, तुमचं काय पण?"

"माझं काय व्हायचंय? रड नंतर. त्या निकालांच्या प्रती अजून झाल्या नाहीत." आणि तिला खांद्याला धरून जवळजवळ ढकलतच टेबलापर्यंत नेलं.

दुसऱ्या दिवसापासून फितींच्या कायद्यात सुधारणा झाली: सहायकाने रंगाबरोबर पहिल्या पानावरचा शिक्काही बघायचा. वकिलांच्या टेबलांवरून सुट्या फिती गोळा होऊन कुलपात गेल्या, आणि फीत हवी असेल त्या वकिलाला ती कशासाठी, हे बाईंना तोंडी सांगावं लागू लागलं. माझ्या सहकाऱ्यांनी आठवडाभर मला बघून आपापले पाय टेबलाखाली ओढून घेतले.

मला मात्र चैन पडेना. जेवण गोड लागेना. सुनावणीत दोनदा स्वतःच्याच विरुद्ध बोललो. मोठ्या साहेबांकडे परत गेलो, लेखी दिलं, त्यांनी ते वाचून मला चहा पाजला आणि कागद परत दिला. शेवटी एका दुपारी बाईंना गाठायचं ठरवलं. खुर्चीत पर्स होती. बाई दाराशी होत्या. पाटीवरच्या 'प्रभारी'चा कोपरा पुन्हा सुटला होता आणि त्यावर त्यांनी डिंक लावून अंगठा दाबून धरला होता. डिंक वाळेपर्यंत त्यांना एका जागी उभं राहणं भाग होतं. अशी संधी परत मिळायची नव्हती.

"बाई," मी म्हणालो, "हा शब्द आतापर्यंत निघाला असता. माझ्यामुळे राहिला. मला झोप येत नाही हो. काहीही सांगा, मी काय करू?"

बाईंनी अंगठा न काढता मान वळवली. माझ्या तोंडाकडे नाही, पायांकडे बघितलं. मी नवी नाडी घातली होती; तिची गाठ सुटून एक टोक मागे लोळत होतं.

"चपला घाला," त्या म्हणाल्या.